मुंबईचा फोटो कुठून काढायचा?

आमच्या गावात तळ्याच्या काठावर दोन वर्षांपूर्वी माणसाच्या उंचीची अक्षरं उभी राहिली. आधी इंग्रजीतला ‘आय’, मग पत्त्यांतल्यासारखा लाल बदाम आणि पुढे गावाचं नाव. अंधार पडला की आतले दिवे लागतात. रमजानमध्ये तरावीहची नमाज आटोपून माणसं पाय मोकळे करायला निघतात, तेव्हा पोरं तिथं फोटोसाठी गर्दी करतात. गणपतीत करतात, दिवाळीतही करतात. तळ्यात गटाराचं पाणी येतं, त्यामुळे फोटोत तळं येणार नाही अशा बेतानं सगळे उभे राहतात, एवढंच. असा बदाम तुमच्याही गावात असेल. आता तो नसलेलं गाव शोधावं लागेल.

परवा माझ्या भाच्याचा मुंबईहून फोन आला. तो फोर्टमधल्या एका ऑफिसात कामाला आहे. “खाला, यंदाही ऑफिसातले मागे लागलेत, रमजानची गल्ली दाखव म्हणून,” असं तो म्हणाला, पण आवाजात नेहमीचा उत्साह नव्हता. त्याचं काय बिनसलं होतं ते पुढे सांगते. त्या फोनमुळे माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला. शहराची जी ओळख जगाला दाखवायची असते, ती कुणी ठरवायची आणि कशातून? मुंबईसारख्या शहराचा फोटो काढायचा, तर कॅमेरा कुठं ठेवायचा?

आधी त्या बदामाची गोष्ट सांगते, कारण तो आपल्या तळ्याकाठी फार लांबून आला आहे.

१९७५ साली न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली. पालिकेनं नोकरकपात सुरू केली. चिडलेल्या पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पाहुण्यांसाठी एक पत्रक छापलं. वर कवटीचं चित्र आणि भीतीच्या शहरात तुमचं स्वागत असो, अशा अर्थाचा मथळा. आत सल्ले होते: संध्याकाळी सहानंतर पायी फिरू नका, भुयारी रेल्वेत बसू नका. शहराचे राखणदारच शहराबद्दल असं सांगत होते. त्यानंतर दोन वर्षांनी न्यूयॉर्क राज्यानं पर्यटनाची मोहीम काढली आणि मिल्टन ग्लेझर या चित्रकाराकडे बोधचिन्ह मागितलं. ग्लेझर यांनी टॅक्सीत बसल्या बसल्या एका पाकिटावर लाल खडूनं ते रेखाटलं: एक अक्षर, एक बदाम, दोन अक्षरं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ते त्या शहरात जन्मले होते, तिथंच राहत होते.

बदाम जगभर गेला. पण शहर त्यानं सुधारलं का? १९९० साली न्यूयॉर्कमध्ये एका वर्षात दोन हजारांहून जास्त खून झाले. म्हणजे बदाम आल्यावर तेरा वर्षांनीही लोक संध्याकाळी घाबरतच होते. मधल्या काळात जे बदललं ते कष्टानं बदललं. भुयारी रेल्वेचे डबे आतून-बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी माखलेले असत. १९८४ पासून एकेक गाडी धुऊन काढायची आणि ती पुन्हा रंगली तर स्वच्छ होईपर्यंत रुळावर आणायची नाही, असा नेम रेल्वेनं धरला. १९८९ साली शेवटचा माखलेला डबा सेवेतून गेला. मला वाटतं, बदामाची किंमत खऱ्या अर्थानं त्या धुलाईनं वाढवली.

आणि या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी बाब तर त्याहून नंतरची आहे. २००१ च्या सप्टेंबरमध्ये दोन मनोरे कोसळले, तेव्हा ग्लेझर यांनी तोच बदाम पुन्हा काढला आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक काळा डाग ठेवला. शहराला जखम झाली आहे आणि ती झाकायची नाही, एवढंच त्यात होतं. असा डागाचा बदाम मी आपल्याकडे कुठं पाहिला नाही. आमच्या तळ्याकाठच्या बदामाचे डाव्या बाजूचे दिवे गेलेत खरे, पण त्यामागे असा काही विचार नसावा.

ॲमस्टरडॅमची गोष्ट थोडक्यात सांगते. तिथंही २००४ पासून अशीच मोठी अक्षरं होती, देशाच्या मुख्य संग्रहालयासमोर. लोक त्यांच्यावर चढून फोटो काढत. २०१८ च्या डिसेंबरमध्ये शहरानं ती तिथून हलवली. एक तर पर्यटकांची गर्दी सोसेना. दुसरं म्हणजे, तिथल्या नगरसेवकांनी असा मुद्दा काढला की या घोषणेत ‘मी’ आहे, ‘आपण’ नाही. एक शहर आपली जाहिरात स्वतःच उतरवतं, हे वाचून मला गंमत वाटली.

आता जवळच्या सुरतेकडे या. सुरतेचं नाव आमच्या घरात वेगळ्या आदरानं घेतलं जाई. मुघलांच्या काळात हजची जहाजं तिथून सुटत, म्हणून त्या बंदराला ‘बाब-उल-मक्का’, मक्केचा दरवाजा म्हणत. शिवाय खानदेशातली हजारो मराठी कुटुंबं तिथं मागावर, साडीच्या आणि हिऱ्याच्या कारखान्यांत राबतात. त्या सुरतेत १९९४ च्या सप्टेंबरमध्ये प्लेग आला. माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. जगभरच्या वर्तमानपत्रांत तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांचे फोटो छापून आले. एका आठवड्यात शहराचं नाव रोगाचं नाव होऊन बसलं. आमच्या गावात तेव्हा सुरतेहून आलेल्या पाहुण्यांना लोक ओसरीवर बसवत, आत घेत नसत. मला ते चांगलं आठवतं.

सुरतेनं त्यानंतर काय केलं? १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना सकाळी वातानुकूलित खोलीतून बाहेर काढून रोज रस्त्यावर उभं केलं. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले, म्हणजे गटाराच्या झाकणासाठी फाईल मुख्यालयात जाणं बंद झालं. रात्री रस्ते झाडायला सुरुवात झाली. कचरा टाकणाऱ्याला आणि अस्वच्छ हॉटेलाला दंड, मग मालक कितीही वजनदार असो. वस्त्यांमध्ये फरशी, पाणी आणि संडास गेले. दीड-दोन वर्षांत सुरतेची गणना देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत होऊ लागली. अलीकडे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर तिनं इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. शहराचं नाव धुऊन काढायचं, तर आधी गटार धुवावं लागतं, हा सुरतेचा धडा आमच्या तळ्याला केव्हा कळेल कोण जाणे.

तर मुंबई.

मुंबईच्या आजच्या सरकारी चित्रात काय दिसतं? गेटवे, मरीन ड्राइव्ह, २००९ चा सी लिंक, २०२४ चा अटल सेतू आणि किनारी रस्ता. सगळं देखणं आहे, त्यात वाद नाही. पण ही चित्रं नीट पाहा. ती उंचावरून घेतलेली आहेत, बहुतेक ड्रोननं, आणि त्यांत माणूस नाही. पूल आहे, पाणी आहे, गाड्यांच्या दिव्यांची रेघ आहे. जगात माणसाच्या गर्दीसाठी ओळखलं जाणारं शहर स्वतःचं चित्र काढताना माणूस पुसून टाकतं, याचं मला नवल वाटतं.

हे आजचं नाही. २००३ मध्ये ‘बॉम्बे फर्स्ट’ ही उद्योजकांची संस्था आणि मॅकिन्से ही सल्लागार कंपनी यांनी मिळून ‘व्हिजन मुंबई’ नावाचा अहवाल तयार केला. दहा वर्षांत मुंबई जागतिक दर्जाचं शहर करायची, असा तो संकल्प होता. लोकांच्या तोंडी त्याचं ‘मुंबईचं शांघाय’ झालं. २००४-०५ च्या हिवाळ्यात शहरात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. शांघायच्या चित्रात त्या बसत नव्हत्या. पुढच्याच पावसाळ्यात, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या शहरात मिठी नावाची नदी आहे हे कित्येक मुंबईकरांना त्या दिवशी कळलं. कारण तोवर ती नाला म्हणून ओळखली जात होती आणि तिच्या पात्रात भराव घालून घालून तिला तसंच वागवलं जात होतं.

त्या रात्री मात्र मुंबईची एक ओळख तयार झाली आणि ती कुठल्याच अहवालात नव्हती. झोपडपट्टीतल्या बायकांनी महामार्गावर अडकलेल्यांना चहा आणि बिस्किटं नेऊन दिली. मशिदी, मंदिरं, गुरुद्वारे, शाळा अनोळखी माणसांसाठी उघडल्या. कमरेएवढ्या पाण्यात माणसांनी हाताला हात धरून साखळ्या केल्या. माझे मामू तेव्हा साठीला आले होते. कुर्ल्याहून डोंगरीला चालत यायला त्यांना रात्र गेली. वाटेत तीन घरांत त्यांनी पाणी प्यायलं आणि एका घरात तर कोरडा सदराही मिळाला. सदरा परत करायला ते आठवड्यानं गेले, पण घर सापडेना. तो सदरा त्यांच्या पेटीत शेवटपर्यंत होता.

आपल्या पुढाऱ्यांनी आणि वाहिन्यांनी मात्र या माणुसकीचं ‘मुंबई स्पिरिट’ करून टाकलं. पुढच्या वर्षी, ११ जुलै २००६ ला, पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या, लोक कामावर गेले. पुन्हा स्पिरिटचा गजर झाला. लोक कामावर गेले कारण खाडा परवडणारा नव्हता. या शब्दाला मुंबईकर आता विटले आहेत. सोसणाऱ्याचं कौतुक केलं की सोसायला लावणाऱ्याला कुणी विचारत नाही. ग्लेझर यांचा डाग मला इथं आठवतो.

न मागता मिळालेल्या नावाचं याहून सुखाचं उदाहरणही मुंबईतच आहे. मावळातल्या गावांतून आलेल्या माणसांनी १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्याबरोबर डबे पोचवायला सुरुवात केली. शंभराहून जास्त वर्षं ते ऊन-पावसात वेळेवर डबे पोचवत राहिले. मग व्यवस्थापनाचे प्राध्यापक आले, २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले. त्यांच्या गांधी टोपीचा फोटो मुंबईची ओळख झाला. त्यासाठी कुणी टेंडर काढलं नव्हतं, सल्लागार नेमला नव्हता. डबा वेळेवर येत होता, बस्स.

आता भाच्यानं विचारलेल्या गल्लीकडे येते.

मोहम्मद अली रोडवरची मिनारा मशिदीची गल्ली हा रमजानमधल्या मुंबईचा सर्वांत जास्त काढला जाणारा फोटो असावा. मातीच्या वाटीतली फिरनी, परातीएवढ्या कढईतला मालपुआ, नल्ली-निहारी, बारा हंडी, खिचडा. मी लहानपणी सुट्टीत मामूंकडे जायची तेव्हा ही गल्ली रोजेदारांची होती. दिवसभर छापखान्यात पुस्तकं बांधणारे, गोदीत ओझी वाहणारे, घड्याळं दुरुस्त करणारे लोक रात्री तिथं उभे राहून खायचे. आता अर्ध्याहून जास्त गर्दी पाहुण्यांची असते. दादर, बोरिवली, ठाणे, पुण्याहून गट करून लोक येतात. मला हे आवडतं. आपल्या गावातला ज्यानं आयुष्यात मशिदीची पायरी पाहिली नाही, तो तिथं रात्री एक वाजता एखाद्या दाढीवाल्या चाचाला “अजून थोडा रस्सा वाढा” म्हणतो, ही लहान गोष्ट नाही. आणि एक बाईमाणूस म्हणून सांगते, रात्री दोन वाजता तान्ह्या लेकरांना कडेवर घेऊन, बांगड्यांचे भाव करत निवांत हिंडणाऱ्या शेकडो बायका मी आणखी फार कमी शहरांत पाहिल्या आहेत. न्यूयॉर्कच्या त्या पत्रकात संध्याकाळी सहानंतरची गोष्ट होती. मुंबईला जगापुढे फुशारकी मारायचीच असेल, तर तिनं या वेळेची मारावी.

पण त्या गल्लीच्या डोक्यावर एक पूल आहे. क्रॉफर्ड मार्केटकडून जे.जे. रुग्णालयापलीकडे जाणारा, सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल, २००२ चा. त्याचं पूर्ण नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे माहीमचे विद्वान. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. त्यांच्या उर्साला पहिला संदल मुंबई पोलीस वाजतगाजत घेऊन जातात. गणवेशातले, बहुतांशी मराठी, बहुतांशी हिंदू पोलीस एका सुफी विद्वानाच्या दर्ग्यात मानाची चादर वाहतात, ही किती जुनी आणि किती सहज चाललेली रीत आहे! मुंबईच्या पर्यटनाच्या भिंतीचित्रांत मी ती कधी पाहिली नाही. पूल मात्र त्यांच्या नावाचा आहे आणि तो बांधलाय गल्लीत न उतरता वरून निघून जाण्यासाठी. गाडी दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना घासून जाते. आतल्या बाईच्या हातातली लाटणी दिसते, पण ती काय लाटतेय ते दिसायच्या आत पुढची खिडकी येते.

याच मोहल्ल्यातून भेंडीबाजार घराणं निघालं. १८९० च्या आसपास छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ उत्तरेतून येऊन इथं राहिले आणि त्यांची गायकी वस्तीच्या नावानं ओळखली जाऊ लागली. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर याच घराण्याच्या. लता मंगेशकर सुरुवातीच्या काळात अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे शिकल्या. म्हणजे ज्या आवाजाला आपण महाराष्ट्राची शान म्हणतो, त्याच्या रियाजात हा भेंडीबाजार आहे. मी भाच्याला म्हटलं, तुझ्या ऑफिसच्या माणसांना हे सांग. तो म्हणाला, “खाला, त्यांना मालपुआ कुठला चांगला ते सांगायचं असतं.”

आता त्याचं बिनसलं कशानं ते सांगते. गेल्या रमजानमध्ये त्यानं पंधरा सहकाऱ्यांना ही गल्ली फिरवली. सगळे खूश. फोटो काढले, त्याच्या खांद्यावर हात टाकून काढले. त्याच आठवड्यात तो घर शोधत होता. ऑफिसच्या जवळ म्हणजे निदान दादर-परळपर्यंत एक खोली-स्वयंपाकघर मिळालं तर बरं, एवढीच अपेक्षा. दलालानं फोनवर सगळं पक्कं केलं, भाडं ठरलं. नाव विचारलं आणि मग दुसऱ्या दिवशी कळवतो म्हणाला. कळवलं ते असं की सोसायटीचा नियम आहे. दुसरीकडे मालकीणबाई भल्या होत्या. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, “माझं काही नाही हो, शेजारी बोलतात.” तिसरीकडे त्यानं स्वतःहूनच आधी नाव सांगितलं, म्हणजे सगळ्यांचाच वेळ वाचेल. शेवटी तो मुंब्र्याला गेला. १९९२-९३ च्या दंगलीत सुमारे ९०० माणसं मेली. त्यानंतर मुंबईतून बाहेर पडलेल्या आमच्यातल्या कित्येक कुटुंबांनी गाठलेली ती गावं, मुंब्रा आणि मीरा रोड. भाच्याचा जन्म त्या दंगलीनंतरचा, पण पत्ता त्या दंगलीनं ठरवला.

वाचक म्हणतील, ही तक्रार एकट्या तुमची आहे का? नाही. मासे खाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही काही इमारतींत घर मिळत नाही. एकट्या राहणाऱ्या मुलींना मिळत नाही. आडनावावरून जात ओळखून नकार मिळतो तो तर खूपच जुना. आणि दोष आमच्याकडे नाही असंही नाही. रमजानच्या रात्री आमची काही पोरं त्याच उड्डाणपुलावर मोटारसायकलींची शर्यत लावतात. तिथं २०१० पासून दुचाकींना बंदी आहे, तरी लावतात. सकाळी पेपरात त्यांचे फोटो येतात आणि तीस दिवस रोजे धरणाऱ्या आयांची मान खाली जाते. त्या गल्लीत खाऊन झालेल्या प्लेटा पायांखाली येतात त्याही आपोआप येत नाहीत. आपला मोहल्ला आपण कसा दाखवतो, हेही शहराच्या प्रतिमेतच मोडतं. मौलानांनी एखाद्या जुम्म्याच्या खुतब्यात या प्लेटांवर बोलावं, असं मला फार वाटतं.

पण भाच्याच्या त्या दोन अनुभवांत मला जी फट दिसते, ती शहराच्या चित्राचीच फट आहे. एका महिन्यासाठी आमची गल्ली मुंबईचा फोटो असते. ईदचा चंद्र दिसला की पाहुण्यांच्या कॅमेऱ्याचं काम संपतं. गल्लीतली माणसं अकरा महिने तिथंच असतात: तेच तुंबलेलं गटार, शंभर माणसांमागे एक नळ, त्याच टेकू लावलेल्या इमारती. त्यातला एखादा शिकून बाहेर पडू म्हणाला तर त्याला नाव विचारलं जातं. ज्याची पाककृती शहराच्या ओळखीत बसते, त्याची नेमप्लेट शेजारच्या दारावर बसत नाही. हे चित्र परदेशी पाहुण्याला दिसणार नाही कदाचित. पण शहराचं नाव पाहुण्यांपेक्षा जास्त त्यात राहणारी माणसं पसरवत असतात. ती गावी फोन करतात. आमच्या गावातला एखादा हुशार मुलगा आता मुंबईऐवजी बंगळूर किंवा हैदराबाद म्हणतो, तेव्हा त्याच्या कानावर असा एखादा फोन आलेला असतो.

माझ्या हातात असतं, तर मी मुंबईच्या प्रतिमेचा पैसा जाहिरातदाराला न देता वॉर्ड ऑफिसला दिला असता. त्या गल्लीत रमजानमध्ये रोज रात्री हजारो बायका येतात, त्यांच्यासाठी स्वच्छतागृह कुठं आहे हे मला तिथं चाळीस वर्षं जाऊनही सांगता येत नाही. ते आधी बांधलं असतं. भेंडीबाजारात त्या तीन भावांच्या नावाची पाटी लावली असती, मराठीत, उर्दूत आणि हो, इंग्रजीतही. आणि रमजानव्यतिरिक्तच्या महिन्यांतही त्या भागात घराण्याचं गाणं ऐकवणारी एखादी बैठक ठेवली असती. एलिफंटा, सीएसएमटी आणि २०१८ मध्ये ओव्हलभोवतालच्या इमारती जागतिक वारशात गेल्या, याचा अभिमान मलाही आहे. पण त्या सगळ्या दगडाच्या आहेत. सहरीची वेळ संपत आली की मिनारा मशिदीच्या गल्लीत पालिकेचे सफाई कामगार येतात. फजरची अजान व्हायच्या आत रात्रभरचा उकिरडा ते उचलतात. दुकानदार त्यांना चहा देतात, कुणी उरलेला मालपुआ बांधून देतं. ते कामगार खाली वाकून झाडत असतात आणि वरून पुलावरून पहिल्या टॅक्स्या विमानतळाकडे जात असतात. मला कुणी मुंबईचा फोटो काढायला सांगितला, तर मी कॅमेरा तिथं ठेवीन, पुलाच्या खाली, पहाटे पावणेपाचला.

मामूंना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. त्यांच्या मते मुंबईचा फोटो काढायचाच असेल तर लोकलच्या दारातून बाहेर आलेल्या हाताचा काढावा, पळत येणाऱ्याला आत ओढून घेणाऱ्या. नाव न विचारता ओढतात, असं ते म्हणत.

भाच्याचा काल पुन्हा फोन आला. आवाज बरा होता. यंदा तो कुणाला गल्लीत नेणार नाही. त्यानं ऑफिसातल्यांना सांगितलं, इफ्तारला माझ्या घरी या, मुंब्र्याला. बावीस जणांपैकी आठ जण येतो म्हणालेत. त्यातल्या दोघी ठाण्यापलीकडे कधी गेलेल्या नाहीत. खोली दहा बाय बाराची, म्हणून शेजाऱ्यांची खोलीही घेतली आहे. मी आदल्या दिवशी एसटीनं जातेय. खिचड्याचे गहू इथूनच भिजवून नेईन म्हणते. त्यानं सगळ्यांना कसं यायचं ते लिहून पाठवलंय: सीएसएमटीहून कल्याणची धिमी लोकल पकडा, धिमीच, ठाण्यानंतर कळवा आणि मग मुंब्रा, साडेपाचच्या आत निघा म्हणजे अजानच्या आधी पोचाल, स्टेशनवर मी उभा असेन.